मोटारसायकलची पुढची कमान आणि तिची निगा

आडवाटेनें जाणाऱ्या मोटारसायकलीचें सारें सामर्थ्य तिच्या इंजिनांत असतें, अशी पुष्कळांची समजूत आहे. इंजिन गाडीला पुढें नेतें हें खरें. परंतु ती वळेल कीं नाहीं, आणि वेळेवर थांबेल कीं नाहीं, हें पुढचें चाक जमिनीला किती टेकून राहतें यावर ठरतें. खड्ड्यावरून उडालेलें चाक जितका वेळ हवेंत असतें तितका वेळ ब्रेक दाबणें व्यर्थ आणि हँडल फिरविणेंहि व्यर्थ. चाक जमिनीशीं धरून ठेवण्याचें हें काम ज्या दोन नळ्या करितात, त्यांना कारखान्याच्या भाषेंत टेलिस्कोपिक फोर्क म्हणतात. गॅरेजांतील मिस्त्री मात्र त्यांना ‘पुढचा शॉकअप’ या नांवानेंच ओळखतात. शॉकअप स्वाराच्या सुखासाठीं असतो असें सामान्यतः मानलें जातें. वस्तुतः तो सुखापेक्षां सुरक्षिततेसाठीं अधिक आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे होणारी हयगय महाग पडते.

नागपुरासारख्या शहरांत या विषयाला विशेष महत्त्व आहे. शहर मागें टाकून रामटेक, उमरेड किंवा काटोल यांपैकीं कोणत्याहि दिशेनें तासभर गेलें कीं डांबरी सडक सोडून शेताची पांदण धरतां येते. अशा वाटांसाठीं म्हणून मुद्दाम बनविलेल्या गाड्या आपल्याकडे फार झाल्या नाहींत. २०११ सालीं बाजारांत आलेली हीरोची इम्पल्स आणि २०१६ सालीं आलेली रॉयल एनफील्डची हिमालयन या त्यांतल्या ठळक होत. इम्पल्स बनविणें कंपनीनें पुढें बंद केलें. पहिल्या हिमालयनची जागा २०२३ च्या अखेरीस नव्या इंजिनाच्या हिमालयननें घेतली. त्यामुळें या दोन्ही गाड्या आतां जुन्यांत जमा झाल्या आहेत. थोरल्या भावाकडून धाकट्याकडे, अथवा जाहिरात पाहून एका घरांतून दुसऱ्या घरांत, अशी त्यांची मालकी फिरते. आणि या फिरतींत गाडीबरोबर मिळालेलें माहितीचें पुस्तक बहुधा प्रथम हरवतें. नव्या मालकाच्या हातीं येतें तें यंत्र. त्याचा इतिहास येत नाहीं.

फोर्कची रचना बाहेरून अगदीं साधी दिसते. वरची नळी पोलादाची असून तिच्यावर क्रोमचा चकचकीत मुलामा असतो. हँडलाच्या खालीं एकावर एक अशा दोन जाड पट्ट्या असतात, त्यांत ती घट्ट पकडलेली असते. खालची नळी बहुधा ॲल्युमिनियमची असून ती चाकाच्या आंसाला जोडलेली असते. चाक दगडावर चढलें कीं खालची नळी वरच्या नळीवर सरकत वर येते. दगड मागें पडला कीं पुन्हां खालीं जाते. दुर्बिणीच्या नळ्या एकींत एक सरकतात तसाच हा प्रकार, आणि ‘टेलिस्कोपिक’ हें नांव त्यावरूनच पडलें. पहिल्या हिमालयनमध्यें वरच्या नळीचा व्यास ४१ मिलिमीटर असून चाकाची एकूण चाल २०० मिलिमीटर आहे, म्हणजे पुढचें चाक जवळजवळ एक वीतभर वरखालीं होऊं शकतें.

नळीच्या आंत तीन वस्तू कामाला असतात: कमान, तेल आणि हवा. या तिघांचीं कामें निरनिराळीं आहेत, आणि एकाचा दोष दुसऱ्यावर लादल्यामुळेंच बहुतेक घोटाळे होतात. म्हणून प्रथम तीं कामें नीट समजून घेतलीं पाहिजेत.

कमान म्हणजे मळसूत्रासारखी वळविलेली पोलादी तार. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं कमानीचा जो नियम प्रसिद्ध केला तो येथेंहि लागू आहे: ओझें दुप्पट केलें कीं कमान दुप्पट दबते. गाडीचें व स्वाराचें वजन उचलून धरणें हें कमानीचें काम. परंतु कमान घेतलेली शक्ति स्वतःजवळ ठेवीत नाहीं. ती जशीच्या तशी परत करते. दाबून सोडलेली कमान एकदां वर येऊन थांबत नाहीं, ती झोके घेत राहते. टांग्याच्या कमानी एकीवर एक रचलेल्या पाट्यांच्या असत. त्या पाट्या एकमेकींवर घांसत आणि त्या घर्षणांत झोका मुरून जाई. मळसूत्री कमानीला असें घर्षण नाहीं. तिचा झोका मोडण्यास दुसरा कोणी तरी लागतो, आणि तें काम तेल करितें.

होळींतली पिचकारी ज्यानें हातांत धरली आहे त्याला तेलाचें काम समजाविण्याची गरज नाहीं. पिचकारीचा दांडा सावकाश दाबला तर पाणी मुकाट्यानें बाहेर पडतें. जोरानें दाबला तर तोंडाचें भोंक अपुरें पडतें आणि हात अडतो. फोर्कच्या आंत एक पोकळ दांडा असून त्याला बारीक भोंकें असतात. चाक वरखालीं होतें तेव्हां तेलाला त्या भोंकांतून ये-जा करावी लागते, आणि त्या अडवणुकींत झोक्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें नाहींशी होते. चाकाचा वेग दुप्पट झाला तर ही अडवणूक दुपटीनें नव्हे, जवळजवळ चौपटीनें वाढते. जुन्या पद्धतीचा फोर्क हळुवार उंचवट्यावर मऊ आणि धारदार दगडावर एकाएकीं कठीण कां भासतो, याचें उत्तर या एका गोष्टींत आहे. तेलानें झोका शमविणारा असा फोर्क नियमित बनणाऱ्या मोटारसायकलींवर प्रथम बसविला तो जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें, १९३५ सालीं, आपल्या आर-१२ आणि आर-१७ या गाड्यांवर. तेव्हांपासून आजवर साहित्य सुधारलें, भोंकांच्या जागीं पुष्कळ गाड्यांत झडपा आल्या. तत्त्व मात्र तेंच राहिलें.

तिसरी वस्तु हवा. नळीच्या वरच्या टोकाला टोपण असतें. टोपण आणि तेलाचा पृष्ठभाग यांच्यामध्यें कोंडलेली हवा हीहि एक कमानच आहे. कोंडलेल्या हवेचें आकारमान निम्में केलें कीं तिचा दाब दुप्पट होतो. त्यामुळें चालीच्या आरंभीं ही हवा जाणवतहि नाहीं. परंतु चाल संपत आली कीं ती झपाट्यानें कठीण होते आणि नळी तळाशीं आदळण्यापासून वांचविते. तेल थोडें अधिक घातलें कीं हवेला जागा कमी उरते आणि हा शेवटचा प्रतिकार वाढतो. तेल कमी झालें कीं तो घटतो.

हीं तीन कामें ध्यानांत ठेवलीं म्हणजे गाडीची तक्रार ऐकून दोष कोठें आहे तें बरेंचसें ओळखतां येतें. ब्रेक लावतांच गाडीचें तोंड खोल खालीं जात असेल, तर कमान नरम पडली आहे किंवा स्वाराच्या वजनाला ती अपुरी आहे. खड्ड्यांत ‘खट्’ असा धातूचा आवाज येऊन हाताला हिसका बसत असेल, तर तेलाची पातळी उतरली असण्याचा संभव अधिक. एक उंचवटा ओलांडल्यावर तोंड दोन-तीन वेळां डुलत असेल, तर तेल जुनें होऊन पातळ झालें आहे. याच्या उलट, ओळीनें येणाऱ्या लहान लहान खड्ड्यांवर फोर्क प्रत्येक धक्क्यागणिक अधिकाधिक आंत बसत जाऊन शेवटीं लांकडासारखा ताठ होत असेल, तर तेल फाजील जाड आहे; एका धक्क्यांतून वर येण्यापूर्वींच दुसरा धक्का त्याला गांठतो.

तोंड खालीं जातें म्हटलें कीं ‘जाड तेल घाला’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो पाळलाहि जातो. जाड तेलानें तोंड खालीं जाण्याचा वेग कमी होतो. तें किती खालीं जाईल हें मात्र तेल ठरवीत नाहीं, कमान ठरविते. लांबलेल्या ब्रेकमध्यें जाड तेलाची गाडीहि शेवटीं तितकीच खालीं जाते. मिळालेला लाभ क्षणाचा, आणि त्याची किंमत अशी कीं खडकाळ वाटेवर चाक जमिनीचा उंचसखलपणा अनुसरूं शकत नाहीं. तें उड्या मारूं लागतें. उतारावर सुट्या मुरुमांत ब्रेक लावतांना असें उडणारें चाक म्हणजे पडण्याचें आमंत्रणच होय. तेलाच्या डब्यानें कमानीचा दोष झांकण्याचा हा प्रयत्न म्हणूनच नुसता निरुपयोगी नाहीं, तो धोक्याचा आहे.

आतां नागपूरच्या मातीकडे वळलें पाहिजे, कारण शॉकअपचा पहिला शत्रु तीच आहे. हें शहर दोन भिन्न भूमींच्या सीमेवर वसलें आहे. पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण आणि त्यापासून झालेली काळी कापसाची जमीन. पूर्वेकडे व ईशान्येकडे त्याहून कितीतरी प्राचीन असे खडक, ज्यांच्यापासून गारगोटीचे कण मिसळलेली रेताड जमीन होते. काळी माती पावसांत फुगून लोण्यासारखी चिकट होते आणि वाळली कीं पोलादाला सिमेंटसारखी धरून बसते. रामटेककडची रेताड धूळ चिकटत नाहीं. परंतु तिच्यांतील गारगोटीचा कण कठीण आणि धारदार असतो. एक माती सीलवर लिंपण घालते, तर दुसरी त्याला कापते.

सील म्हणजे खालच्या नळीच्या तोंडाशीं बसविलेलें रबराचें कडें. त्याचा पातळ ओंठ वरच्या नळीला सतत घासून राहतो आणि तेल आंत कोंडून धरितो. त्याच्या वर धूळ रोखणारें दुसरें एक टोपण असतें. वाळलेला चिखल किंवा रेतीचा कण या ओंठाखालीं शिरला कीं ओंठ किंचित उचलला जातो, आणि चाकाच्या प्रत्येक हालचालीबरोबर तेलाचा पातळ थर बाहेर येऊं लागतो. नळीवर तेलाचें वलय दिसणें ही पहिली सूचना होय. तेवढ्यावर ती दुर्लक्षिली तर ओघळ खालीं उतरतो. आणि खालीं ब्रेकची तबकडी असते. तबकडीवर आणि तिला धरणाऱ्या पॅडवर तेल पोंचलें कीं पुढच्या ब्रेकवर भरवसा ठेवतां येत नाहीं. तेल प्यालेले पॅड पुसून किंवा घासून पूर्ववत् होत नाहींत. ते बदलावेच लागतात. दुर्लक्ष वीतभर वर झालें, संकट मात्र खालीं चाकापाशीं उभें राहिलें, असा हा प्रकार आहे.

सुदैवानें प्रत्येक गळतें सील फाटलेलेंच असतें असें नाहीं. अनेकदां त्याच्या ओंठाखालीं केवळ कचरा अडकलेला असतो. धुळीचें टोपण हलक्या हातानें वर सरकवावें, आंतील घाण पुसून घ्यावी, आणि जुन्या छायाचित्राच्या फिल्मचा किंवा तशाच पातळ, गुळगुळीत प्लॅस्टिकचा पट्टा कापून तो सीलच्या ओंठाखालीं सरकवावा व नळीभोंवतीं फिरवीत अडकलेले कण बाहेर काढावेत. पट्ट्याची कड खरखरीत नसावी, आणि पत्र्याची पट्टी किंवा पेचकस तर कधींच वापरूं नये. मग नळी स्वच्छ पुसून फोर्क दहा-वीस वेळां दाबून पाहावा. वलय पुन्हां उमटलें नाहीं तर नव्या सीलचा खर्च वांचला. उमटलें, तर दोन्ही बाजूंचीं सीलें एकदमच बदलणें श्रेयस्कर.

नवें सील घालण्यापूर्वीं वरच्या नळीवरून नखाचें टोक फिरवून पाहावें. क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे असतील तर नख तेथें अडखळतें, आणि तो प्रत्येक खड्डा नव्या सीलच्या ओंठाला करवतीसारखा कापणार हें निश्चित. लहानसहान कंगोरे अतिशय बारीक पॉलिश-कागदानें, तेल लावून, मोडतां येतात. खड्डे खोल असतील तर नळीला नवा मुलामा देणें किंवा ती बदलणें याला पर्याय नाहीं. नळीवर रबराचे घडीदार मोजे असलेल्या गाड्यांत ही तपासणी अधिकच अगत्याची आहे. मोजा माती बाहेर ठेवतो हें खरें. पण पावसाचें पाणी एकदां आंत शिरलें कीं तो तेंहि कोंडून ठेवतो, आणि बाहेरून गाडी चकचकीत दिसत असतां आंत गंज वाढत असतो. म्हणून मृगापूर्वीं एकदां आणि दसऱ्याच्या सुमारास एकदां मोजे वर करून नळ्या पुसाव्यात, त्यांवर तेलाचें बोट फिरवावें आणि मोज्याचीं पाणी निघून जाण्याचीं भोंकें मोकळीं करावींत. गाडी धुतांना पाण्याचा जोराचा फवारा सीलवर रोखूं नये. तो चिखल काढीत नाहीं, आंत लोटतो.

स्वच्छतेनंतर येतें मोजमाप. स्वार बसल्यावर कमान जितकी खालीं बसते त्या अंतराला ‘बैठक’ म्हणतां येईल. आडवाटेच्या गाडीची पुढची बैठक एकूण चालीच्या पाव ते एक-तृतीयांश इतकी असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. बैठक अजिबात नसली तर खड्डा आला असतां चाकाला खालीं उतरून जमीन गांठतां येत नाहीं. ती फार झाली तर उंचवट्यासाठीं चालच शिल्लक राहत नाहीं. ती मोजण्यास एक टेप आणि घरांतील दोन माणसें पुरेशीं आहेत.

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागच्या बाजूला भार द्यावा, म्हणजे पुढचें चाक अधांतरीं होईल. या स्थितींत आंसाच्या मध्यापासून हँडलाखालच्या पट्टीपर्यंतचें अंतर मोजावें. मग गाडी जमिनीवर उभी करून स्वारानें नेहमींच्या पोषाखांत व शिरस्त्राणासह बसावें. एकानें गाडी सरळ धरावी आणि दुसऱ्यानें टेप लावावी. प्रथम पुढचा भाग खालीं दाबून हलकेच सोडावा व अंतर मोजावें. नंतर तो किंचित वर उचलून हलकेच सोडावा आणि पुन्हां मोजावें. हीं दोन मापें सारखीं येत नाहींत, कारण सील आणि नळ्या यांचें घर्षण प्रत्येक वेळीं कमानीला थोडें आधींच थांबवितें. दोहोंची सरासरी घेतली कीं घर्षणाचा परिणाम वजा होतो.

समजा, चाक अधांतरीं असतां अंतर ६२० मिलिमीटर भरलें, दाबून सोडल्यावर ५५८ आणि उचलून सोडल्यावर ५७०. सरासरी ५६४, म्हणून बैठक ५६ मिलिमीटर. एकूण चाल २०० असेल तर ही बैठक शेंकडा २८, म्हणजे योग्य. दोन मापांतील १२ मिलिमीटरचा फरकहि चालण्यासारखा आहे. तोच फरक २५ च्या वर गेला, तर नळ्या कोठें तरी अडकत आहेत असें समजून कमानीला हात लावण्यापूर्वीं ती अडचण शोधावी. बहुधा ती मागें केव्हां तरी गाडी पडल्याची खूण असते. आंसाचे व पट्ट्यांचे बोल्ट सैल करून, फोर्क दोन-चार वेळां दाबून, नळ्यांना आपली सरळ जागा घेऊं द्यावी आणि मग ते माहितीपुस्तकांत दिलेल्या जोरानें आंवळावेत. इतक्यानेंहि भागलें नाहीं तर नळी काढून सपाट कांचेवर लोळवून पाहावी. वांकलेली नळी तेथें लपत नाहीं.

बैठक चुकीची आढळली तर टोपणाखालीं असलेल्या नळकांड्याची लांबी बदलून ती सुधारतां येते. काहीं गाड्यांत यासाठीं स्क्रूच दिलेला असतो. टोपणाखालीं ५ मिलिमीटर जाडीची चकती अधिक घातली तर बैठक सुमारें तितकीच कमी होते. याला पूर्वदाब म्हणतात. पूर्वदाबानें कमान कठीण होत नाहीं. ती फक्त उंचावर बसते. कमान कठीण कीं नरम हें पाहण्यास स्वारावांचून नुसत्या गाडीची बैठकहि मोजावी. स्वाराची बैठक पूर्वदाबानें बरोबर जुळवली, पण नुसती गाडी उभी असतां ती जवळजवळ शून्य भरते, असें झालें तर कमान नरम आहे आणि ती पूर्वदाबानें बळेंच ताणून धरली आहे. अशा वेळीं पूर्वदाब वाढवीत न जातां योग्य कमान घालावी, आणि तीहि दोन्ही बाजूंस सारखी.

टोपण उघडतांना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. त्याखालीं कमान दबलेली असते. आटे संपतांच टोपण उसळून तोंडावर येऊं शकतें. म्हणून चाक अधांतरीं ठेवावें, चेहरा बाजूला ठेवावा, डोळ्यांवर चष्मा असावा आणि शेवटचे आटे तळहातानें टोपण दाबून धरीत सोडवावेत. नळी गाडींतून काढावयाची असेल तर वरच्या पट्टीचा बोल्ट आधीं सैल करून टोपण गाडीवर असतांनाच थोडें ढिलें करून घ्यावें. सुटी नळी हातांत धरून तें ढिलें करणें कष्टाचें असतें.

राहिलें तेल. तें वर्षातून एकदां, आणि पावसाळ्यांत चिखलांतून फार फिरणें झालें असेल तर पावसाळ्यानंतर लगेच बदलावें. काढलेलें तेल पांढऱ्या भांड्यांत पाहिलें म्हणजे पुष्कळ बोध होतो. करड्या चकाकीचें तेल धातूची झीज सांगतें. दुधाळ तेल आंत पाणी शिरल्याचें सांगतें. किती जाड तेल घालावें हें कंपनीनें ठरविलेलें असतें, आणि आरंभ त्यापासूनच करावा. डब्यावरील आंकडा मात्र फसवा असतो: एका कंपनीचें ‘१०’ आणि दुसरीचें ‘१०’ हीं एकाच जाडीचीं असतीलच असें नाहीं. तेल बदलतांना ४० अंश उष्णतेला त्याची जाडी किती, हा आंकडा ताडून पाहणें हाच खरा मार्ग. नागपुरांत डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यांत ४५ च्या घरांत जातो. साधें खनिज तेल इतक्या फरकानें चौपट-पांचपट पातळ होऊं शकतें. हिंवाळ्यांत ठीक वाटलेला शॉकअप उन्हाळ्यांत डुलूं लागतो याचें आश्चर्य वाटावयास नको. यासाठीं उष्णतेनें ज्याची जाडी कमी बदलते असें खास फोर्कचेंच तेल घ्यावें. इंजिनाचें उरलेलें तेल त्यांत ओतण्याची काटकसर करूं नये.

तेलाचें आकारमान मोजून ओतण्यापेक्षां त्याची पातळी मोजणें अधिक भरवशाचें, कारण जुनें तेल कधींच पुरतें निथळत नाहीं. कमान बाहेर काढावी, नळी उभी धरून पूर्णपणें दाबावी, तेल ओतून ती सावकाश वरखालीं करावी म्हणजे अडकलेले हवेचे बुडबुडे निघून जातील, आणि मग नळीच्या तोंडापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतचें अंतर मोजावें. जनावरांच्या दवाखान्यांत असते तसली मोठी पिचकारी घेऊन, तिला ठरलेल्या लांबीची नळी जोडून, अधिक झालेलें तेल ओढून घेतलें म्हणजे दोन्ही बाजूंची पातळी तंतोतंत सारखी होते. फोर्क तळाशीं आदळत असेल तर पातळी एका वेळीं १० मिलिमीटरहून अधिक वाढवूं नये. हवेला जागाच ठेवली नाहीं तर दाब सीलवर येतो आणि तें फेंकलें जातें. काढलेलें तेल डब्यांत भरून जुनें तेल घेणाऱ्याकडे द्यावें. गटारांत ओतलेलें तेल शेवटीं नाग नदींतच जातें.

शॉकअपच्या माथीं मारला जाणारा आणखी एक दोष वस्तुतः दुसऱ्याचा असतो. चाक अधांतरीं ठेवून फोर्कचीं खालचीं टोकें धरून मागेंपुढें हलवावींत. ‘टक्’ असें लागलें तर हँडलाच्या मानेंतील कोनसेट सैल आहे. हँडल सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतांना मध्यभागीं अडखळत असेल तर तो झिजला आहे. अशा गाडीचा शॉकअप कितीहि उत्तम केला तरी तिचें तोंड स्थिर राहणार नाहीं. त्याचप्रमाणें टायरांतील हवा सर्वांआधीं पाहावी. ती चुकलेली असतां घेतलेला प्रत्येक अनुभव चुकीचा ठरतो.

या सर्व विवेचनाचें सार दोन नियमांत सांगतां येईल. मोजल्यावांचून कांहीं बदलूं नये, आणि एका वेळीं एकाहून अधिक गोष्ट बदलूं नये. तेल, पूर्वदाब आणि टायरची हवा हीं तिन्ही एकाच रविवारीं बदलून गाडी सुधारली, तर ती कशानें सुधारली हें कळत नाहीं. आणि बिघडली तर परतीची वाट सांपडत नाहीं. प्रत्येक बदलानंतर त्याच परिचित वाटेवरून, त्याच वेगानें जाऊन पाहावें, आणि तारीख, किलोमीटर, बैठक, तेलाची जात व पातळी हीं एका लहानशा वहींत टिपून ठेवावींत. जुन्या गाडीचें हरवलेलें पुस्तक बाजारांत मिळेल न मिळेल. हें दुसरें पुस्तक मात्र घरींच तयार होतें. गाडी उद्यां धाकट्या भावाच्या किंवा बहिणीच्या हातीं गेली, तर तिच्या किल्लीबरोबर ही वहीहि द्यावी. पुढचें चाक किती विश्वासाचें आहे हें त्या नव्या स्वाराला उतारावर गेल्यानंतर कळण्यापेक्षां, घराच्या फाटकांतून बाहेर पडण्यापूर्वींच कळलेलें बरें.